सदतीस की सत्तावीस?

पत्र: सिस्टर, नमस्कार. मी कोल्हापुरातल्याच एका मोठ्या खासगी दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर आहे. रिसेप्शनच्या मागं काचेची खोली आहे. त्यात मी, दोन फोन आणि एक माईक. अख्ख्या बिल्डिंगमध्ये ज्या अनाउन्समेंट ऐकू येतात त्या माझ्या. दोन महिन्यांमागं नाईटला पहाटे पावणेचारला वरनं फोन आला. सिस्टर एका दमात ओरडली, ‘कोड ब्ल्यू, सदतीस!’ म्हणजे सदतीस नंबरच्या खोलीत कुणाचं तरी हृदय बंद पडलं होतं. मला सत्तावीस ऐकू आलं. मी माईकवर तीनदा सत्तावीस म्हणाले. टीम दुसऱ्या मजल्यावर पळाली, तिथं एक आजोबा घोरत होते. तिथनं मग तिसऱ्या मजल्यावर. दीड मिनिट तरी गेलं असेल. पेशंट परत आला, आयसीयूत गेला आणि चौथ्या दिवशी वारला. मला तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण कॅन्टीनमध्ये ‘ऑपरेटरनं घोळ घातला’ असं म्हणतात. तेव्हापासून माईक हातात घेतला की घसा कोरडा पडतो. घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. सासूबाई हसतात. त्यात दिवसभर सगळ्यांना माझाच माईक हवा. एमएच झिरो नाईन पांढरी गाडी काढा, अमक्या डॉक्टरांनी ओपीडीत यावं, तमक्या पेशंटच्या नातेवाइकांनी बिल भरावं. एका दिवशी मोजल्या, ४१ अनाउन्समेंट झाल्या, त्यात इमर्जन्सीची एक. महाद्वार रोडवर साडीच्या दुकानात ओळखीनं काम मिळतंय, पगार हजारभर कमी. सोडू का?
काचेच्या खोलीतली

पोरी,

साडीच्या दुकानाचं नंतर बघू. आधी ते दीड मिनिट.

मी ३१ वर्षं दवाखान्यात काढली, शेवटची नऊ मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख म्हणून. ‘तुझी काही चूक नव्हती, विसरून जा’ असं मी म्हणणार नाही. तुला ते पटायचं नाही, आणि ते खरंही नाही. चुकीचा नंबर गेला. पण तो एकट्या तुझ्यामुळं गेला नाही. वरच्या सिस्टरनं नंबर फेकला आणि मजला सांगितला नाही. तू परत विचारलं नाहीस. आणि ज्यांनी खोल्यांना नंबर दिले त्यांनी ते फोनवर ऐकून बघितले नाहीत. मराठी आकड्यांचं हे जुनं दुखणं आहे. सत्तावीस-सदतीस, त्रेपन्न-त्रेसष्ट, एकोणपन्नास-एकोणसाठ. मंडईत भागतं, फार तर दहा रुपयांचा घोळ होतो. पहाटे पावणेचारला, धाप लागलेल्या माणसाच्या तोंडून, फोनच्या खरखरीत नाही भागत. माझ्या वॉर्डात निपाणीकडची एक सिस्टर होती, घरात कानडी बोलणारी. ती आकडे कायम सुटे सांगायची, ‘दोन सात’, ‘तीन सात’. आम्ही तिची टिंगल करायचो. औषधाच्या डोसात असो की खाटेच्या नंबरात, तिचा आकडा चुकल्याचं मला आठवत नाही.

आता, त्या दीड मिनिटात वर काय चाललं होतं ते तुला माहीत नाही, कारण तू खाली होतीस. तुझ्या डोळ्यांपुढं चित्र असणार की टीम पोचेपर्यंत पेशंट नुसता पडून होता. तसं नसतं गं. कोड ब्ल्यू पुकारतात ते जादा हात आणि क्रॅश कार्ट, म्हणजे औषधं आणि शॉकचं मशीन ठेवलेली गाडी, यावी म्हणून. काम त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं. एक सिस्टर फोनकडं धावली की दुसरी छातीवर दोन्ही तळवे रोवून दाबायला लागते. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोरानं, तीस दाबांमागं दोन श्वास. याला सीपीआर म्हणतात. नव्या पोरींना हे शिकवायला उभी राहिले की दरवेळी कुणीतरी फिस्सकन हसायचीच, कारण आपल्या गावात रिक्षावाल्याला सीपीआर म्हटलं की तो टाऊन हॉलसमोर नेऊन सोडतो, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या दारात.

दीड मिनिट म्हणजे किती, हे तुला कोल्हापूरच्या हिशेबात सांगते. शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी आठवते? ६ मे २०२२, सकाळी दहा. सगळं शहर जिथल्या तिथं १०० सेकंद स्तब्ध उभं राहिलं होतं. मी रस्त्यात उभी होते आणि सवयीनं मनात दाब मोजत होते. पावणेदोनशेच्या आसपास गेले. ते १०० सेकंद फार लांब वाटले होते. पण तेवढ्या वेळात धड शिकलेली एक सिस्टर एका माणसाचं रक्त मेंदूपर्यंत पोचवत राहू शकते. शॉक देऊन परत आणता येतो असा ठोका असेल आणि कुणीच काही केलं नाही, तर वाचायची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते असं आम्हाला शिकवलंय. हात चालू असतील तर ३ ते ४ टक्क्यांनी. म्हणजे उशिरानं काहीच बिघडलं नसेल असं नाही. पण तू जेवढं ओझं घेऊन फिरतेस तेवढं ते नाही. पेशंट परत आला होता हे तूच लिहिलंयस. चार दिवसांनी तो का गेला, हे आयसीयूत त्याच्या उशाशी होते त्यांना विचारावं. कॅन्टीनमध्ये भजी खाणाऱ्यांना ते कुठनं कळणार?

तेव्हा विचारच. कोड ब्ल्यू झाला की एक फॉर्म भरतात. त्यात कॉल कधी गेला, दाब कधी सुरू झाले, टीम कधी पोचली, शॉक दिला का, सगळ्या वेळा असतात. वॉर्डच्या इन्चार्जला भेट, ड्युटी सुटताना, हँडओव्हर झाल्यावर. पेशंटची फाईल मागू नकोस, ती तुला दाखवायची नसते. एवढंच म्हण, ‘सिस्टर, त्या रात्री नंबर मी चुकीचा पुकारला. दाब कधी सुरू झाले आणि टीम कधी आली, एवढं मला सांगा.’ तोंडानं एकदा कबूल केलंस की पाठीमागं बोलणाऱ्यांना बोलायला काही उरत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि जमलं तर ज्या सिस्टरनं फोन केला तिच्याबरोबर चहा घे. तिलाही झोप लागत नसेल, बघ.

आता माईकचं. पुन्हा तसा फोन आला तर ती कितीही ओरडो, तू ओरडू नकोस. दोन सेकंद घे आणि तिला परत ऐकव: ‘तीन सात, तिसरा मजला, मेल वॉर्ड. बरोबर?’ ती ‘हो’ म्हणेपर्यंत माईकला हात लावू नकोस. मग बटण दाब, एक श्वास थांब आणि बोल. बटण दाबल्या दाबल्या बोललं की मशीन पहिला शब्द खातं, वर नुसतं ‘...ब्ल्यू’ ऐकू जातं. ‘कोड ब्ल्यू, तिसरा मजला, मेल वॉर्ड, रूम तीन सात.’ मजला आधी, खोली शेवटी, कारण पळणाऱ्याला आधी जिना ठरवायचा असतो. तीनदा, सावकाश. पहिल्यांदा लोकांची मान वर होते, दुसऱ्यांदा ते ऐकतात, तिसऱ्यांदा जिन्यात पळता पळता खात्री करून घेतात. तोंड माईकपासून चार बोटं लांब. हे सगळं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिही आणि फोनशेजारी चिकटव. पाठ आहे म्हणून चिकटवायचं टाळू नकोस. पहाटे पाठ असलेलं काही आठवत नाही.

रंगांचंही एकदा विचारून घे. ब्ल्यू म्हणजे हृदय बंद, रेड म्हणजे आग, पिंक म्हणजे बाळ सापडत नाही, हे आपल्याकडं बहुतेक ठिकाणी सारखं असतं. पुढचे रंग दवाखान्यागणिक बदलतात. मी दोन ठिकाणी नोकरी केली, एकीकडचा यलो दुसरीकडं भलताच निघाला, आणि हे मला मॉक ड्रिलमध्ये सगळ्यांच्या देखत कळलं. हे रंग आले ते नातेवाइकांनी घाबरू नये म्हणून. आता नातेवाईकही पोचलेले आहेत. ‘ब्ल्यू लागला वाटतं’ म्हणत टीमच्या आधी दारात उभे. ज्या गावात जेसीबी खड्डा खणत असला तरी पन्नास माणसं बघायला थांबतात, तिथं दुसरं काय होणार?

पण खरं दुखणं मला तुझ्या त्या ४१ मध्ये दिसतं.

माझे वडील शाहू मिलमध्ये होते. महाराजांनी १९०६ साली काढलेली मिल, आता ती बंदच आहे. तिचा भोंगा झाला की आई डबा बांधायची, शेजारचे काका सायकल काढायचे, आम्ही पोरं भोंग्यावर शाळेची वेळ धरायचो. घड्याळ प्रत्येकाच्या घरी नव्हतं, गरजही नव्हती. तो ऐकून कुणी ‘कशाचा आवाज आला?’ असं विचारलं नाही, कारण त्याला एकच काम होतं. भोंगा वाजवून ‘गेटसमोरची सायकल काढा’ असं मिलवाल्यांनी कधी सांगितलं नाही. तसं सांगत बसले असते तर महिन्याभरात कामगार कामावर यायचे थांबले असते.

तुझा माईक तसाच आहे, आणि तुझ्या दवाखान्यानं त्याची दवंडी केलीय. चाळीस वेळा कामाचं नसलेलं ऐकलं की एक्केचाळिसावं कानावर पडतं, आत जात नाही. सिस्टर सलाईन लावताना ऐकत नाही, वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर ढकलताना ऐकत नाहीत, आरएमओ, म्हणजे दवाखान्यातच मुक्कामी असलेला डॉक्टर, तर झोपेतसुद्धा न ऐकायला शिकलेला असतो. त्यांना दोष कसा देणार? इतक्या गोंगाटात काम करायचं तर कानाला कुलूप घालावंच लागतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मला हे कळलं, तेही पुराच्या कृपेनं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीला हायवे बंद. जे ड्युटीवर होते ते अडकले, जे घरी होते ते पोचू शकले नाहीत. डिझेल कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून जनरेटर आयसीयू, ऑपरेशन थिएटर (ओटी) आणि ऑक्सिजनपुरता. एक लिफ्ट चालू, दुसरी बंद. माईकची लाईनही बंद. पहिल्या तासाला सगळे हबकले, आता निरोप कसे द्यायचे? मग एक मामा जिन्यात बसवला, चिठ्ठ्या पोचवायला. डॉक्टर हवा असेल तर मोबाईल लाव, नाही लागला तर जिना चढ. रिसेप्शनच्या गणपतीपुढची पितळी घंटा उचलून जिन्याच्या मधल्या वळणावर ठेवली आणि ठरवलं, ही फक्त हृदय बंद पडलं तरच वाजवायची. चार दिवसांत ती दोनदा वाजली. दोन्ही वेळा वाजवणाऱ्याचा हात थांबायच्या आत माणसं जिन्यात होती. पाणी उतरल्यावर माईक चालू झाला आणि पहिली अनाउन्समेंट झाली ती पार्किंगची. मी कपाळाला हात लावला.

आणखी एक गंमत बघ. दवाखान्याबाहेर आपण ‘हॉर्न वाजवू नका’ अशी पाटी लावतो. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. त्यांप्रमाणं दवाखान्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथं दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलच्या वर जायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटना तर रात्री पेशंटच्या खोलीत ३० डेसिबल पुरे म्हणते. वडापच्या जीपवाल्याला आपण दम देतो आणि आत ऑपरेशन झालेल्या बाईच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून रात्री अकराला पांढऱ्या गाडीचा नंबर सांगतो.

यावर तू काय करायचंस? तक्रार नको, वही घाल. सात दिवस प्रत्येक अनाउन्समेंटची एक ओळ: वेळ, कुणी सांगितली, कशासाठी, फोनवर झाली असती का. तुझ्या जागी दुसऱ्या ड्युटीला असतात त्यांनाही लिहायला लाव. मग ती वही क्वालिटी बघणाऱ्या सिस्टरकडं दे, मेट्रनकडं दे. माझ्याकडं अशी वही कुणी आणून दिली असती तर मी तिला पेढे दिले असते. गाड्यांचं वॉचमननं गेटवर बघावं. डॉक्टरांना मोबाईलवर बोलवावं, ओटीत असतील तर ओटीच्या एक्सटेन्शनवर. भेटायची वेळ संपल्याचं वॉर्डातल्या मावशी तुझ्यापेक्षा खणखणीत सांगतात. रात्री दहानंतर वॉर्डातले स्पीकर फक्त कोडसाठी उघडतील अशी सोय इलेक्ट्रिशियनला विचार, बऱ्याच मशीनवर मजल्यांची बटणं वेगळी असतात.

एक गोष्ट मात्र वहीची वाट न बघता उद्यापासून बंद कर. पेशंटचं नाव आणि बिल एका वाक्यात माईकवरून म्हणायचं नाही. कुणीही सांगू दे. मी बघितलंय म्हणून सांगते. चंदगडकडचा एक पोरगा, बाप आत ॲडमिट, दुपारी दोनच्या सुमाराला बाकड्यावर भाकरीचं फडकं सोडून बसला होता. पहिला घास मोडला आणि वरनं बापाचं पूर्ण नाव आलं, गावासकट, ‘यांच्या नातेवाइकांनी थकीत रक्कम भरण्यासाठी काउंटरवर यावे’. आजूबाजूच्या वीसेक माना फिरल्या. त्यानं मोडलेला घास परत भाकरीवर ठेवला, फडक्याला गाठ मारली आणि उठला. बिलिंगमधल्या माणसाला तीस पावलं चालत येऊन खांद्याला हात लावता आला असता. मी त्या दिवशी काही बोलले नाही, वॉर्डात गर्दी होती. ते मला अजून डाचतं. तेव्हा तुला सांगतील तेव्हा म्हण, ‘साहेब, वॉर्डला फोन लावून देते, सिस्टर निरोप देतील.’ हे उद्धटपणाचं नाही.

कुकरची शिट्टी. सासूबाईंना हसू दे, पण तू हसण्यावारी नेऊ नकोस. आठ दिवस दचकलीस तर चालतं, दोन महिने हा काळ मोठा आहे. पुढच्या महिन्याच्या ड्युटीत नाईट नको म्हणून सांग, कारण खरं ते सांग. झोप लागत नसेल, तो फोन पुन्हा पुन्हा ऐकू येत असेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखव. दवाखान्यातल्यांना लाज वाटते हे मला ठाऊक आहे. आपल्याच ओपीडीत केसपेपर काढायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. मग दुसरीकडं जा. नाहीतर १४४१६ वर फोन कर, सरकारची टेलीमानस सेवा आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आणि दुकान. नोकरी सोडणं पाप नाही. काचेच्या खोलीत बसून दुसऱ्यांचे निरोप सांगायचा कंटाळा आला असेल तर खुशाल जा. पण त्या रात्रीपासून पळायचं म्हणून जाऊ नकोस, कारण ती रात्र तुझ्याबरोबर महाद्वार रोडला येईल. शिवाय तिथंही सत्तावीसशे आणि सदतीसशे आहेतच, आणि तो घोळ मालक पगारातून कापतो. माझं मत विचारशील तर तीन महिने थांब. वही दे, नाईट सोड, त्या वेळा समजून घे. मग जायचं तर जा, आणि जाताना तो पुठ्ठा फोनशेजारीच राहू दे.

त्या सगळ्याच्या आधी इन्सिडेन्ट फॉर्म भर, म्हणजे काय चुकलं त्याची नोंद. आपल्याकडं तो फॉर्म म्हणजे मेमोचा धाकटा भाऊ समजतात, म्हणून कुणी भरत नाही, आणि म्हणून सदतीस-सत्तावीस पुढच्या नाईटला पुन्हा होतं. दोन महिने झाले तरी चालतो. ‘नंबर चुकीचा ऐकू आला, परत विचारण्याची पद्धत नव्हती, आकडे सुटे सांगायचे ठरलेले नव्हते’, एवढं लिही. माफी लिहू नकोस, त्या फॉर्मात तिला रकाना नसतो. नेमकी वेळ आठवत नसेल तर टेलिफोनच्या रजिस्टरमधलं त्या रात्रीचं पान काढ. पावणेचारच्या आसपास तुझ्याच हातची नोंद असेल.

तुझी,
सिस्टर